बिनतारी जाल-मानके व त्यांचे कार्यगट

संगणक, दूरध्वनी व तत्सम उपकरणे तारेवाचून परस्परांशी जोडली जावीत म्हणून रेडिओ तरंगांच्या उपयोगाविषयी जे तांत्रिक नियम विचारविनिमयाने लेखी ठरविले जातात, त्यांस बिनतारी जाल-मानके म्हणतात. हे नियम ज्या तज्ञमंडळाच्या सभांमधून आकारास येतात त्या मंडळास कार्यगट अशी संज्ञा आहे. कोणत्या कंप्रता-पट्ट्यात (कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या) प्रेषण करावे, संदेशाचे तरंगात रूपांतर कसे करावे, अनेक उपकरणे एकाच वेळी बोलू लागल्यास कोणी थांबावे, संदेश मिळाल्याची पोच कशी द्यावी इ. बाबी मानकात इतक्या काटेकोरपणे सांगितलेल्या असतात की, भिन्न कारखान्यांत तयार झालेली उपकरणे कोणत्याही पूर्वतयारीवाचून एकमेकांशी व्यवहार करू शकतात. मात्र केवळ प्रयोगशाळेतून मानक निर्माण होत नाही. प्रयोगशाळा अनेक शक्य पर्याय पुढे ठेवते व त्यांतील एकाची निवड सभेत होते. त्यामुळे सभेचे नियम, तिचे संचालन आणि तीत कोणास बसता येते या गोष्टींचा ठसा मानकावर उमटतो. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर भागात झालेल्या प्रयोगांचा आणि त्यानंतरच्या भारतीय प्रयत्नांचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

मानकाचे बंधन : एकदा स्वीकारलेले मानक किती दीर्घकाळ समाजाला बांधून ठेवते, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील ठाकुर्ली येथे मिळते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली आगगाडी धावली. तिच्यासाठी १,५०० व्होल्ट एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाचे मानक स्वीकारलेले होते. ब्रिटनमध्ये १९२० साली नेमलेल्या, सर अलेक्झांडर केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही याच दाबाची शिफारस केली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विद्युतीकृत मार्गांना वीज पुरविण्यासाठी १९२०–३० या दशकाच्या अखेरीस ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. पुढे १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाचे मानक पसंत केले. तथापि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील तारा, उपकेंद्रे व गाड्या जुन्या मानकाप्रमाणे असल्याने बदल तत्काळ होऊ शकला नाही. संक्रमणकाळात दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरील परिवर्तन २०१६ मध्ये पुरे झाले. चोळ्याचे वीजगृह त्यापूर्वीच बंद पडले होते. वीजगृहाहून समितीचा निर्णय दीर्घायुषी ठरला. बिनतारी जालांच्या बाबतीत हे बंधन अधिकच व्यापक असते. कारण तेथे मानक एखाद्या मार्गापुरते न राहता कोट्यवधी लहान उपकरणांत विखुरलेले असते.

पूर्वेतिहास : बिनतारी संदेशवहनात सभेने मानक ठरविण्याची परंपरा या माध्यमाइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्कोनी कंपनीचे प्रेषक अन्य पद्धतीची यंत्रे असलेल्या जहाजांशी संदेशांची देवघेव करण्याचे नाकारीत. हा अडसर दूर करण्यासाठी बर्लिन येथे १९०३ मध्ये प्राथमिक परिषद भरली व १९०६ च्या करारान्वये यंत्रपद्धती कोणतीही असो, किनाऱ्यावरील केंद्रे व जहाजे यांनी परस्परांचे संदेश घ्यावेत, हे तत्त्व मान्य झाले. संकटसमयीच्या ‘एस्‌ओएस्‌’ या खुणेलाही याच करारात मान्यता मिळाली. तत्त्व मान्य होऊनही व्यवहार लगेच बदलला नाही. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर त्याच वर्षी लंडन येथे भरलेल्या परिषदेने हे नियम अधिक दृढ केले. महाराष्ट्रात १९२७ साली खडकी येथील प्रेषण केंद्र व दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्याद्वारे इंग्लंडशी लघुतरंगांवर थेट तारव्यवहार सुरू झाला, तो अशा आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौकटीतच.

या परिषदांत प्रतिनिधी सरकारांचे असत. संगणक-जालांच्या काळात मात्र वेगळ्या प्रकारची सभा पुढे आली. अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने मे १९८५ मध्ये काही कंप्रता-पट्टे स्वतंत्र परवान्याशिवाय संदेशवहनास खुले केले. या पट्ट्यांत चालणारी उपकरणे अनेक कंपन्या बनवू लागल्या. परंतु एकीचे उपकरण दुसरीच्या उपकरणाशी बोलत नसे. एन्‌सीआर कंपनीच्या नेदर्लंड्स येथील शाखेत काम करणारे व्हिक हेस यांनी समान मानकाचा पाठपुरावा केला. त्यातून १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स एंजिनिअर्स’ (संक्षेपाने आयईईई) या संस्थेच्या ८०२ क्रमांकाच्या समितीखाली ८०२·११ हा कार्यगट स्थापन झाला. हेस हे २००० सालापर्यंत त्याचे अध्यक्ष होते. आज ‘वाय-फाय’ या नावाने परिचित असलेल्या सर्व उपकरणांचा पाया याच कार्यगटाची मानके होत. वाय-फाय हे नाव मात्र कार्यगटाने दिलेले नाही. ते १९९९ मध्ये उत्पादकांच्या संघाने बाजारासाठी निवडले.

रचना व सभासदत्व : नवे मानक हवे असे वाटल्यास प्रथम अभ्यासगट नेमला जातो. तो प्रस्तावित कामाची व्याप्ती, गरज व व्यवहार्यता यांविषयीचा अर्ज तयार करतो. वरिष्ठ मंडळाने अर्ज मान्य केल्यावर त्या कामापुरता कृतिगट स्थापन होतो व त्याला इंग्रजी वर्णमालेतील अक्षर दिले जाते. मानकांच्या नावांतील ‘ए’, ‘बी’, ‘जी’, ‘एन्‌’ ही अक्षरे अशी आलेली आहेत. मार्च, जुलै व नोव्हेंबर या महिन्यांत ८०२ समितीच्या सर्व गटांचे पूर्णाधिवेशन भरते, तर मधल्या काळात जानेवारी, मे व सप्टेंबरमध्ये अंतरिम सभा होतात. प्रत्येक सभा सुमारे आठवडाभर चालते.

या कार्यगटात मत व्यक्तीला असते. कंपनीला वा राष्ट्राला नसते. मताधिकार विकत घेता येत नाही, किंवा केवळ नेमणुकीनेही मिळत नाही. तो उपस्थितीने मिळवावा लागतो. लागोपाठच्या चार पूर्णाधिवेशनांपैकी किमान दोहोंत, प्रत्येकी ७५ टक्के बैठकांना हजर राहणाऱ्यास तो प्राप्त होतो. एका अधिवेशनाऐवजी अंतरिम सभा धरता येते. उपस्थिती खंडित झाली किंवा टपाली मतदानात वारंवार भाग घेतला नाही, तर अधिकार जातो. ज्याने चर्चा ऐकली आहे त्यानेच मत द्यावे, हा यामागील हेतू होय.

सभेचे संचालन : सभेच्या आरंभी विषयपत्रिका मंजूर केली जाते व मागील इतिवृत्त कायम केले जाते. त्यानंतर अध्यक्ष एकस्वांविषयीची (पेटंटांविषयीची) सूचना वाचून दाखवितो. चर्चेतील तंत्रावर कोणाचे एकस्व असल्यास ते उघड करण्याची संधी उपस्थितांस दिली जाते. एकस्वधारकाने वाजवी व भेदभावरहित अटींवर परवाना देण्याची लेखी हमी द्यावी, अशी अपेक्षा असते. वस्तूंच्या किंमती, बाजारपेठेची वाटणी व चालू न्यायालयीन वाद यांविषयी सभेत बोलण्यास मनाई असते. एरव्ही परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले उत्पादक एकत्र बसतात, ते मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या कक्षेत राहूनच बसू शकतात.

प्रत्येक प्रबंध क्रमांक देऊन सर्वांस उपलब्ध केला जातो. प्रबंध मांडल्यावर प्रश्नोत्तरे होतात आणि अनेकदा ठराव मांडण्यापूर्वी कलचाचणी घेतली जाते. तिचा परिणाम बंधनकारक नसतो. परंतु कोणता प्रस्ताव कितपत मान्य होईल, हे त्यावरून कळते व प्रस्तावकास आपला मसुदा सुधारता येतो. कार्यपद्धतीविषयीचे ठराव साध्या बहुमताने मंजूर होतात. तांत्रिक ठरावास मात्र बाजूने व विरुद्ध पडलेल्या एकूण मतांपैकी ७५ टक्के मते मिळावी लागतात. या एका नियमाने सभेचे स्वरूप पालटते. निम्म्याहून थोडी अधिक मते जमविणारा पक्ष जिंकू शकत नाही आणि चौथ्या हिश्शाहून अधिक मते असलेला पक्ष निर्णय रोखू शकतो. परिणामतः विरोधकास आपल्याकडे वळविणे, हाच पुढे जाण्याचा मार्ग उरतो.

अध्यक्षाची भूमिका येथे नाजूक असते. तो बहुधा एखाद्या कंपनीचा नोकर असतो. परंतु अध्यक्षस्थानी असताना त्याने तिची बाजू मांडू नये, असा संकेत आहे. वाद विकोपाला जाण्यापूर्वी विषय अनौपचारिक बैठकीकडे सोपविणे, अल्पमतातील सदस्यास पुरेसा वेळ देणे व त्याचबरोबर विलंबासाठीच चालविलेली चर्चा आवरणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. ज्याचे म्हणणे नीट ऐकले गेले तो सदस्य पराभव पत्करूनही कामात राहतो. डावललेला सदस्य पुढच्या मतदानात मसुदा अडवितो.

मसुदा तयार झाल्यावर तो टपाली मतदानास पाठविला जातो. हे मतदान आता संगणकाद्वारे होत असले, तरी जुने नाव टिकून आहे. विरुद्ध मत देणाऱ्याने कोणता मजकूर खटकतो व त्याऐवजी काय हवे, हे लिहून द्यावयाचे असते. आलेल्या प्रत्येक अभिप्रायास कृतिगटाने लेखी उत्तर द्यावे लागते. सुधारलेला मसुदा न सुटलेल्या आक्षेपांसह पुन्हा फिरविला जातो. कार्यगटाबाहेरील व्यापक मतदारमंडळाने मसुदा संमत केल्यावर आणि कार्यपद्धती पाळली गेल्याची तपासणी झाल्यावर मानक प्रसिद्ध होते.

वाद व तडजोडी : या पद्धतीचे गुणदोष कार्यगटांच्या इतिहासातून स्पष्ट होतात. ८०२·११ चे पहिले मानक १९९७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सात वर्षांनी निघाले. त्यात प्रेषणाच्या एका पद्धतीऐवजी तीन परस्परभिन्न पद्धती—दोन रेडिओच्या व एक अवरक्त किरणांची—ठेवण्यात आल्या आणि त्यांचा वेग दर सेकंदास १ ते २ मेगॅबिट एवढाच होता. निवड करता न आल्याने सर्वांना जागा देण्यात आली होती. पुढील खेपेस ही चूक टळली. १९९८ मध्ये हॅरिस व ल्यूसंट या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी संयुक्त प्रस्ताव मांडला व त्यातून १९९९ चे ‘बी’ मानक निर्माण झाले. त्याचा वेग ११ मेगॅबिटांपर्यंत असून बिनतारी जाल घरोघरी पोहोचण्याची सुरुवात त्यापासून झाली.

‘एन्‌’ मानकाचा वाद सर्वांत दीर्घकाळ चालला. २००४ मध्ये आलेल्या प्रस्तावांतून दोन गट उरले. २००५ च्या वसंतात एक गट आघाडीवर येऊनही त्यास ७५ टक्के मते मिळाली नाहीत व निवड थांबली. मग दोन्ही गटांनी संयुक्त प्रस्ताव तयार केला आणि जानेवारी २००६ मध्ये तो विरोधाशिवाय स्वीकारला गेला. तथापि त्यावरून केलेला पहिला मसुदा मे २००६ च्या टपाली मतदानात नामंजूर झाला व सु. १२,००० अभिप्राय आले. त्या सर्वांचा निकाल लावीत मानक सप्टेंबर २००९ मध्ये मंजूर झाले. या विलंबामुळे उत्पादकांच्या संघाने २००७ पासून मसुद्याच्याच आधारे उपकरणांना प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला होता.

काही सभा निष्फळही ठरल्या. अतिरुंद पट्ट्यावरील अल्पांतर संदेशवहनासाठी नेमलेल्या ८०२·१५·३ए या कृतिगटात दोन पक्षांपैकी कोणासही आवश्यक मते मिळाली नाहीत व जानेवारी २००६ मध्ये गटाचे काम मानकाविना गुंडाळण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये ८०२·२० या कार्यगटाचे काम वरिष्ठ मंडळाने तात्पुरते स्थगित केले. सभेवर काही हितसंबंधीयांचा वरचष्मा असल्याच्या व कारभारात पारदर्शकता नसल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. नंतर नवे पदाधिकारी नेमून ते काम पुन्हा सुरू झाले. व्यक्तीला मत असले, तरी एकाच मालकाचे अनेक नोकर सभेस पाठविता येतात, ही या पद्धतीतील उणीव यावरून उघड झाली.

याहून खोल उणीव अनुपस्थितांविषयीची आहे. वर्षातून अनेकदा परदेश-प्रवास व आठवडाभराचा मुक्काम यांचा खर्च मोठ्या उत्पादकास परवडतो. लहान संस्था, विद्यापीठे व विकसनशील देशांतील तज्ञ यांना तो जड जातो. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे सभा दूरस्थ पद्धतीने घ्याव्या लागल्या. पुढे प्रत्यक्ष व दूरस्थ अशी मिश्र उपस्थिती रूढ झाल्याने हा भार काही प्रमाणात हलका झाला. परंतु त्यापूर्वीची मानके बव्हंशी अशा लोकांनी लिहिली, ज्यांच्या डोळ्यांपुढे दाट वस्तीची शहरे, कार्यालये व अखंड वीजपुरवठा होता.

भारतातील प्रयत्न : भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाल्यावर वाय-फायचा प्रसार वाढला. ग्रामीण भागासाठी शासनाने २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशतंतू जालाची (पुढे ‘भारतनेट’) योजना मंजूर केली. तिचे उद्दिष्ट सु. अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे होते. परंतु तंतू पंचायतीच्या कार्यालयाशी थांबतो आणि पाडे व वाड्या तेथून काही कि.मी. दूर असतात. डोंगर व झाडी यांमुळे वाय-फायचे नेहमीचे तरंग तेथवर पोहोचत नाहीत.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पात या मधल्या अंतराचा प्रश्न हाती घेतला. दूरचित्रवाणीसाठी राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यातील पंधरा वाहिन्यांपैकी किमान बारा देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या असतात, असे या संस्थेतील संशोधकांना आढळून आले. या कंप्रतेचे तरंग झाडीतून व चढउतारांवरून अधिक दूर जातात. शासनाची प्रायोगिक अनुज्ञा घेऊन पालघर तालुक्यातील खामलोली व आसपासच्या पाड्यांत अशी चाचणीयंत्रणा उभारण्यात आली. हा भाग ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. प्रकाशतंतूच्या टोकापासून पाड्यापर्यंत दूरचित्रवाणी-पट्ट्यातून व तेथून लोकांच्या उपकरणांपर्यंत वाय-फायमधून, अशी तिची रचना होती. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पास प्रथम पारितोषिक मिळाले. या प्रकारच्या जालासाठी आयईईईचे ८०२·२२ हे मानक २०११ पासून उपलब्ध होते. तथापि ते फारसे प्रसार पावले नाही व त्यानुसार बनविलेली स्वस्त उपकरणे बाजारात मुबलक झाली नाहीत. मानक असणे व मानकामागे बाजार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

म्हणून ग्रामीण गरज मुख्य प्रवाहातील मानकांतच शिरावी, असा प्रयत्न झाला. त्यासाठी ‘टेलिकम्युनिकेशन्स स्टँडर्ड्‌स डेव्हलपमेंट सोसायटी, इंडिया’ ही संस्था उपयोगी पडली. शासनमान्य अशा या संस्थेचे अध्यक्षपद करंदीकर यांनीही भूषविले आहे. पाचव्या पिढीच्या दूरध्वनीचे निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सभांत ठरत असताना ग्रामीण चाचणीसाठी दोन मनोऱ्यांतील अंतर १,७३२ मी. धरण्यात येत होते. भारतातील विखुरलेल्या खेड्यांना इतके जवळजवळ मनोरे परवडणारे नाहीत. येथे मनोरा तंतू असलेल्या ग्रामपंचायतीशी उभा राहणार व भोवतालची खेडी त्याच्या कक्षेत यावी लागणार. उलट येथील वापरणारा वेगवान वाहनात नसतो. ‘अल्प गतिशीलता, मोठे क्षेत्र’ या नावाने भारतीय प्रतिनिधींनी हा मुद्दा लावून धरला आणि २०१७ मध्ये मनोऱ्यांतील अंतर ६,००० मी. मानणारी चाचणी-रचना संघाच्या निकषांत समाविष्ट झाली. एका अंकाचा हा बदल दिसण्यात लहान असला, तरी त्यामुळे पुढील प्रत्येक प्रस्तावकास अशा खेड्याचा विचार करणे भाग पडले.

या आधारावर भारतीय संस्थांनी ‘५जीआय’ हे मानक तयार केले. हातातील उपकरणाची तेवढीच शक्ती वापरून संदेश अधिक दूर नेणारी तरंगरचना, हे त्याचे वैशिष्ट्य होय. २०२१ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत त्याला स्थान मिळाले. तथापि वेगळ्या मानकामुळे उपकरणे महाग होतील व भारत जागतिक बाजारापासून अलग पडेल, असा आक्षेप देशातील दूरसंचार उद्योगाने घेतला. अखेर २०२१ च्या उत्तरार्धात, ‘३जीपीपी’ या जागतिक मानकसंघाच्या सतराव्या आवृत्तीत त्यातील मुख्य अंश सामावून घेण्याची तडजोड झाली व स्वतंत्र मानकाचा आग्रह मागे पडला.

याच सुमारास पालघरच्या अनुभवावर आधारित दुसरा प्रयत्नही चालू होता. काटकसरीच्या ग्रामीण जालाची रचना ठरविण्यासाठी आयईईईमध्ये पी-२०६१ हा प्रकल्प मान्य झाला व मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांच्या पुढाकाराने त्याचा कार्यगट काम करू लागला. मोठ्या क्षेत्रावर पाचव्या पिढीचा दूरध्वनी-मनोरा, वस्तीवस्तीत वाय-फाय व त्या दोहोंना जोडणारा स्वस्त बिनतारी दुवा, आणि सर्वांचे एकत्र नियंत्रण, अशी ही रचना आहे. तिचे मानक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पालघरची चाचणी पाहणाऱ्या संशोधकांनी तेथील वस्त्यांचे अंतर, अनिश्चित वीज व तुटपुंजी ऐपत या गोष्टी प्रथमच मानकाच्या परिभाषेत मांडल्या.

मूल्यमापन : कार्यगटाची सभा मंद व खर्चिक असते आणि तिच्यातून अनेकदा सर्वोत्तम पर्यायाऐवजी सर्वांस सहन होणारा पर्याय बाहेर पडतो, अशी टीका केली जाते. ती निराधार नाही. तथापि ७५ टक्के संमतीची अट, प्रत्येक आक्षेपास लेखी उत्तर आणि सर्वांस खुले इतिवृत्त यांमुळेच प्रतिस्पर्धी उत्पादक तिचा निर्णय पाळतात. तो पाळण्यास त्यांच्यावर कायद्याचे बंधन नसते. मात्र सभा जे ऐकते तेच लिहिते. अनुपस्थिताची गरज कितीही खरी असली, तरी ती मसुद्यात आपोआप येत नाही. ती मोजून, आकड्यांत मांडून व वर्षानुवर्षे सभेस हजर राहून तेथे पोहोचवावी लागते. एकदा ठरलेले मानक अनेक दशके टिकते, म्हणून ही उपस्थिती मानक ठरण्यापूर्वीच असावी लागते.